वाल्टेरच्या वादळातली हाळी

सोलापूर स्टेशनावरच्या पार्सलबाबूने आधी आमच्या शेळीकडे पाहिलं, मग माझ्या टोपीकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, वाल्टेरला शेळ्या मिळत नाहीत का हो?"

"मिळत असतील," मी म्हणालो, "पण ही आमची आहे."

बिचाऱ्याने शेळीची, आमच्या ठिपकीची, पावती फाडली, तिची रवानगी गार्डाच्या डब्यात झाली आणि मी आमच्या मंडळींना हाताला धरून गाडीत चढवलं. मंडळी म्हणजे माझी बायको भागू. भाद्रपदात तिला न्यूमोनिया झाला. दुखण्यातून उठली, पण गेलेला दम काही परत आला नाही. तीन-चार शब्द बोलली की थांबायची. अंगणातून विहिरीपर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसायची. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "समुद्राकाठी घेऊन जा. शेळीचं दूध द्या. या हिवाळ्यात छातीभर दम आला तर आला. नाही आला, तर पुढचं मला विचारू नका."

मी कसला विचारतोय! शाळेतून महिन्याची रजा काढली. समुद्र पाहायचा तर मुंबई किंवा रत्नागिरी, इतक्या लांब कशाला, असं चार लोक म्हणालेच. पण आमच्या शेजारच्या तेलुगू मागवाल्यांची आत्या तिकडे पूर्व किनाऱ्यावर वाल्टेरला राहते आणि तिच्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. परमुलखात ओळखीचं एक दार असणं काही थोडंथोडकं नाही. दूध मात्र परकं नको, असं भागूने बजावलं होतं. दोघेही आम्ही सांगोल्याकडच्या धनगराच्या घरातले. अनोळखी माणसाच्या हातचं पाणी पिऊ, पण अनोळखी शेळीचं दूध? छे!

वाडीला गाडी बदलली, बेझवाड्याला पुन्हा बदलली. दर मोठ्या स्टेशनाला मी लोटा घेऊन गार्डाच्या डब्याकडे धावे आणि गार्ड कपाळाला हात लावी. बेझवाड्याला भाताबरोबर पुलुसु (चिंचेचं आंबट-तिखट कालवण) वाढलं. मी म्हटलं, सोलापूरच्या शेंगाचटणीवर वाढलेला माणूस मी, मला तिखटाची काय भीती! दुसऱ्या घासाला डोळ्यांतून गंगा-यमुना वाहू लागल्या. समोर बसलेल्या भागूला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला आणि माझा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून समुद्र दिसला. भागू खिडकीशी सरकली. मग म्हणाली, "येवढं पानी हाय... आन् कुनी... काय पेरलंय का?"

वाल्टेर गाव फार देखणं. टेकडीवर बंगले, तिथं राजेरजवाडे आणि साहेबलोक हवा खायला येतात. खाली लाल मातीचा रस्ता, ताडाची झाडं आणि वाळूच्या कडेला त्या आत्याचं, म्हणजे पार्वतम्मांचं, झावळ्यांचं घर. बाई साठीच्या, विधवा. लहानपण सोलापुरात गेलेलं, त्यामुळे मराठी मोडकी का होईना, पण बोलत होत्या. ठिपकीला पाहून त्यांनी तोंडावर हात धरला. "अय्यो, मेका (शेळी)! रेल्वेत बसून आली?" आणि तिच्यापुढे केळीची सालं टाकून तिला त्यांनी कायमची बिघडवली.

पहिले बारा-तेरा दिवस सुखाचे गेले. मार्गशीर्ष असूनही थंडी अशी नाहीच. आपल्याकडे या दिवसांत पहाटे शेकोटी लागते आणि ओठ फुटतात. इथं उपरण्यालासुद्धा घाम येतो, हवा चाटली तर खारट लागेल. रोज सकाळी मी भागूला वाळूवर फिरवायचो. कोळ्यांच्या होड्यांपर्यंत जायचं आणि परत यायचं. ती वाटेत बसली की मीही बसायचो, समुद्र बघतोय असं दाखवायचो. खरं सांगायचं तर मी तिचा श्वास ऐकत असे. पहिल्या दिवशी दोनदा बसली, तेराव्या दिवशीही दोनदाच बसली. मला मनातून फार उदास वाटलं. एवढा पसरलेला समुद्र, आणि माझ्या बायकोला छातीभर हवा देता येईना त्याला!

चौदाव्या दिवशी आभाळ तांबूस झालं. वारा पडला. कोळ्यांनी होड्या ओढून थेट रस्त्यापर्यंत आणल्या आणि ताडांना बांधल्या. पार्वतम्मा छपरावर जुनं जाळं टाकून त्याला दगड बांधत होत्या. म्हणाल्या, "गालिवाना (वादळी पाऊस) येणार, बाबू. मोठा."

"आमच्याकडे पण वळीव येतो की," मी म्हणालो. "तासाभरात मोकळा."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात पाढा चुकलेल्याकडे पाहतो.

रात्रीपासून जे सुरू झालं ते सांगायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. उत्तरेकडून वारा आणि पाऊस एकदमच आडवे आले. भिंती हलत होत्या. सोलापूरच्या माणसाला पावसाचं पाणी वाया गेलेलं बघवत नाही, म्हणून त्याही गडबडीत मी घरातल्या सगळ्या घागरी वळचणीखाली लावल्या. सकाळी चूळ भरली तर पाणी खारट! समुद्रच उडून आला होता घरावर. पार्वतम्मा त्या संकटातही पोट धरून हसल्या.

दुपारी बाराच्या सुमारास एकाएकी सगळं थांबलं. पान हलेना. ऊनसुद्धा पडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "बघा, संपला की नाही?" ठिपकी कालपासून उपाशी, ओसरीत ओरडून ओरडून जीव खात होती. समोरच्या माळावर मोडलेल्या फांद्यांचा आयता पाला पडलेला. मी तिचं दावं सोडलं.

"वद्दु, बाबू (नको)! वद्दु!" पार्वतम्मा ओरडल्या. "अजून अर्धा बाकी आहे!"

अर्धा बाकी? वळीव काय दोन हप्त्यांत येतो? सोलापूरच्या माणसाने हसावं आणि निघावं, तसा मी निघालो. तीनएकशे पावलं गेलो असेन, ठिपकी पाला खाण्यात दंग, आणि तिने मान वर केली. दक्षिणेकडून काळी भिंत चालत येत होती. मी दावं खेचेपर्यंत ती अंगावर आली.

घर नाही, ताड नाही, समुद्र कुठल्या बाजूला तेही कळेना. पाण्याचे मारे तोंडावर असे, की डोळा उघडवत नव्हता. दावं तुटलं, मी शेळीचा कान धरला आणि गुडघ्यांवर बसलो. चार पावलं टाकली तर पायाखाली वाळू लागली. म्हणजे मी उलटाच, लाटांकडे चाललो होतो. घाबरलो. खोटं कशाला बोलू, चांगलाच घाबरलो.

आणि तेव्हा हाळी आली.

"होऽऽऽ हो हो होऽऽऽऽ!"

माळावर पांगलेली मेंढरं आणि चुकलेला माणूस यांना बोलवायची आमच्या लोकांची ती हाळी. पोटातून उठते, ओढ्यापलीकडे ऐकू जाते. पहिली वाऱ्याने मोडली. दुसरी लांबली, लांबतच गेली. ठिपकीने कान टवकारले आणि मलाच ओढत निघाली. मी धडपडत तिच्यामागं. तिसरी, चौथी, दहावी हाळी. दरवेळी त्याच बाजूने, दरवेळी थोडी जवळ. शेवटी घराचं दार हाताला लागलं. दारात खांब धरून भागू उभी, आणि ती उडून जाऊ नये म्हणून पार्वतम्मांनी तिची कंबर दोन्ही हातांनी धरलेली.

आत ओढून दार लावल्यावर भागूने तोंड सोडलं. "डोस्कं ठिकान्यावर हाय का तुमचं? म्हातारी बाई वद्दु वद्दु म्हनून कंठशोष करतीया आन् तुमी शेळीला घिऊन निगाला फिराया, लई शाने झालासा व्हय चार बुकं शिकून, वाहून गेला असता म्हंजी मी तुमच्या हेडमास्तरला काय सांगितलं असतं?"

मी भिजलेल्या धोतरात तसाच उभा. ती मध्ये एकदाही थांबली नव्हती. तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. मला रडूच कोसळलं.

"आता रडायला काय झालं?" ती म्हणाली. "आन् हाळीला ओ का दिली न्हाय? मी आपली वरडत बसले, जित्ता हाय का मेला त्ये तरी कळाय नगं?"

आमच्यात हाळीला ओ द्यायचीच असते. ओ आली नाही तर बोलावणारा थांबत नाही. मी म्हणालो, "घसा बसला होता." ते खोटं. नोकरी लागल्यावर शहरात बिऱ्हाड केलं, तेव्हा भागूने एकदा गल्लीच्या टोकाला दिसलेल्या मला अशीच हाळी घातली होती. माझ्याबरोबर दुसरे मास्तर होते. घरी येऊन मी तिला काय काय बोललो! हे माळरान आहे का, लोक काय म्हणतील, मास्तरच्या बायकोने कसं हळू बोलावं. त्यानंतर चौदा वर्षं तिने आवाज चढवला नाही. तिचा दम न्यूमोनियाने नेला म्हणतात. त्याआधी थोडा मी नेला होता, हे वाल्टेरच्या त्या खोलीत मला कळलं. वाळूत अडकलो असताना ओ ओठांवर आली होती. लाजेने बाहेर पडली नाही. मरायला टेकलेला माणूसही लाजतो, काय म्हणावं याला!

वादळ ओसरल्यावर भागू दोन दिवस झोपून होती. मी जिवाला घोर लावून बसलो. तिसऱ्या दिवशी उठली आणि होड्यांपर्यंत न बसता गेली. राहिलेले दिवस पार्वतम्मांचं छप्पर शाकारण्यात गेले. निघताना बाईंनी भागूला लोणच्याची बरणी दिली, ठिपकीच्या गळ्याला मिठी घातली आणि मला म्हणाल्या, "बाबू, पुन्हा या. वळीव घेऊन येऊ नका."

सोलापूरला गाडी सकाळी लागली. गर्दी फार. ट्रंक उतरवण्याच्या नादात मी मागं राहिलो आणि भागू पुढं गार्डाच्या डब्याकडे गेली. माझ्या शाळेतल्या दोन मुलांचे वडील तिथंच उभे होते, मला नमस्कार करून प्रवासाची चौकशी करत होते. डॉक्टरांची नळी भागूच्या छातीला अजून लागायची होती. ते काय सांगतील कोण जाणे.

तेवढ्यात फलाटाच्या त्या टोकाकडून, हमालांच्या आणि इंजिनाच्या आवाजावरून, पोटातून उठलेली हाळी आली. सगळा फलाट वळून बघू लागला. तिला मी दिसत नव्हतो.

मी टोपी काढून हातात घेतली, छाती भरून घेतली, आणि जेवढी लांब देता येईल तेवढी ओ दिली.