दोघींनी घातलेला दांड

आई माझ्याकडे आसनगावला राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची एक पिशवी होती आणि चिंध्यांची दोन गाठोडी. पिशवी मी आनंदाने कपाटात ठेवली. गाठोड्यांवरून आमचं भांडण झालं. आमचा फ्लॅट तो केवढा, त्यात हे कुठे ठेवायचं? इथे सगळं विकत मिळतं, असंही मी बोलून गेले. "मिळतं ना, मग घे विकत," आई म्हणाली आणि गाठोडी स्वतःच्या पलंगाखाली सरकवून मोकळी झाली.

त्यानंतर माझ्या घरातून फाटकं असं काही बाहेर गेलंच नाही. घंटागाडीत टाकायला काढलेली चादर खालून परत वर आली. माझ्या विटलेल्या कुर्त्यांचे उशांचे अभ्रे झाले, नवऱ्याच्या पँटच्या बाजाराच्या पिशव्या झाल्या, आणि जुन्या परकराची नाडीसुद्धा धुऊन, गुंडाळी करून डब्यात जाऊन बसली. मी कल्याणहून ऑफिस करून दमून यायची, तर ही दारातच सुई पुढे करायची, "दोरा ओवून दे." मी कुरकुरत ओवून द्यायची. पण तिची शिवण हातात आली की ती उलटसुलट करून बघत बसायची. टाके इतके बारीक आणि सारखे, की मशीनची टीप वाटावी.

हा हात तिला दिला मोठ्या आईने. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, आईची थोरली जाऊ. आई तिला बाय म्हणते. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं गाव आहे, तिथे एकाच घरात दोघींनी संसार केला. शेतात वाकून, बसून लुगडी मधोमध विरायची, दोन्ही टोकं मात्र धड असायची. मग विरलेला भाग फाडून टाकायचा आणि धड तुकडे एकमेकांना जोडायचे. या जोडाला आमच्याकडे दांड म्हणतात. एका लुगड्याचं पुरेनासं झालं की दोघी आपापल्या लुगड्याचा धड तुकडा काढायच्या आणि दोन्हींचा मिळून एक दांड घालायच्या. अर्धं हिरवं, अर्धं जांभळं असं लुगडं मी लहानपणी पाहिलंय. ते नक्की कुणाचं, हे मला कधी कळलं नाही. जिचं दुसरं वाळलेलं नसेल तिने ते नेसायचं.

दांड घालायची त्यांची रीत होती. कापड मधे ठेवून दोघी समोरासमोर पाय पसरून बसायच्या आणि पायाच्या अंगठ्यात धरून ते ताणून ठेवायच्या. एकीने या काठाकडून सुरुवात करायची, दुसरीने त्या काठाकडून, आणि टाके घालत घालत मधे यायचं. दोघींचे दोरे भेटले की गाठ मारायची. सगळ्या घराच्या बातम्या तेवढ्या वेळात इकडच्या तिकडे होत असत.

पुढे काकांना रेल्वेत काम लागलं आणि मोठी आई खर्डीला राहायला गेली. भांडून वेगळ्या झालेल्या जावा मी पुष्कळ पाहिल्यात. या दोघी रडून वेगळ्या झाल्या. मग लग्नकार्याला, कुणाच्या दिवसकार्याला भेट व्हायची तेवढीच.

गेल्या वर्षी चुलतभावाचा फोन आला. मोठ्या आईला आता काही आठवत नव्हतं. मुलाला ती कधी दीर समजायची, सुनेला तर ओळखायचीच नाही. फोन ठेवून मी आईला सगळं नीट समजावून सांगितलं. हा आजार असाच असतो, वाढतच जातो, तू मनाची तयारी ठेव, असं बरंच काही. आई एका जुन्या टॉवेलचे काठ दुमडत होती. तिने मान वर केली नाही.

"मला ओळखंल," ती म्हणाली.

"अगं, पोटच्या पोराला ओळखत नाही ती."

"पोराची गोष्ट येगळी. मला ओळखंल."

आईचं हे असं असतं. एकदा तिने ठरवलं की ठरवलं. मला मात्र धास्ती बसली. मोठी आई विसरली याचं वाईट वाटत होतंच, पण तिने आईकडे परक्यासारखं पाहिलं तर आईचं काय होईल, ही काळजी त्याहून मोठी होती. रविवारी खर्डीला जायचं ठरलं होतं, तो रविवार उजाडूच नये असं वाटत होतं. आईने मात्र ठेवणीतलं पातळ नेसलं, केसांना तेल लावलं आणि माझ्या आधी चपला घालून तयार.

खर्डीला स्टेशनवरून रिक्षा केली. मोठी आई पडवीत बसली होती. अंगाने वाळली होती, पण पाठ अजून ताठ. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हसली. मोठ्या आईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन गो तुमी? बसा ना. च्या घेऊन जावा."

अगदी वाटेवरच्या पाहुणीला म्हणावं तसं, गोड बोलली. आई खाली बसली. तेलाने चापून बसवलेले तिचे केस मला दिसत होते आणि मला रडू येत होतं. रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

वहिनी चहा घेऊन आली. म्हणाली, "हातांना चैन नाय यांच्या. दिवसभर चादरीचे धागे ओढत बसतात. दोन चादरींची पार चाळण केली." मोठी आई तेव्हाही आपल्या पदराचा एक दोरा चिमटीत धरून ओढत होती. आईने ते पाहिलं. मग वहिनीला म्हणाली, "एखादं जुनं लुगडं, पातळ असंल तर दे. आन सुई दोरा."

"सुई नको हो. टोचून घेतील."

"नाय टोचून घ्यायची ती," आई म्हणाली.

वहिनीने पुसायला काढलेली दोन पातळं आणून दिली. आईने एक उजेडात धरलं, विरलेली जागा पाहिली, काठाला दात लावला आणि चर्रकन फाडलं. त्या आवाजाबरोबर मोठ्या आईची मान वळली. आईने दुसरंही फाडलं, धड तुकडे एकावर एक ठेवले आणि कापडाचं एक टोक तिच्याकडे सरकवलं. मोठ्या आईने पाय लांब केले आणि ते टोक अंगठ्यात पकडलं. वहिनी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली.

दोघी दोन काठांकडून शिवू लागल्या. मोठ्या आईचा एकही टाका चुकत नव्हता. चुकत होती ती आई. तिचे डोळे भरून आले होते, तिला कापड दिसतच नव्हतं. टाके बोटभर लांब पडत होते. थोड्या वेळाने मोठ्या आईने सहज तिकडे पाहिलं. सुई खाली ठेवली, ओणवी होऊन आईच्या टाक्यांवरून नख फिरवलं आणि एका हिसक्यात सगळा दोरा ओढून काढला.

"ही काय शिवन झाली? बोट जातंय आतून. उसव आन परत घाल. कितींदा सांगायचं गो तुला?"

आई हसायला लागली. हसताहसता पदर डोळ्यांना लावत होती. मग तिने सुई माझ्यापुढे केली, मी दोरा ओवून दिला, आणि तिने पहिल्यापासून टाके घातले, बारीक.

परतताना गाडीत मी म्हटलं, "नाव काही नाही आठवलं गं तिला."

"नावानं हाक कधी मारली होती तिनं?" आई म्हणाली. "सुनेला नाय असं बोलली ती कधी. मलाच बोलायची." आणि खिडकीबाहेर पाहत बसली. चेहरा असा, की माहेरी जाऊन आली असावी.

मग आमचं रविवारचं ठरूनच गेलं. प्रत्येक वेळी मोठी आई "कोन गो तुमी" म्हणायची, प्रत्येक वेळी आई गाठोड्यातलं काहीतरी फाडायची. माझ्या लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. घरी माझ्या अभ्र्यांवर मशीनसारखे टाके घालणारी ही बाई खर्डीला गेली की हात सुटल्यासारखी शिवायची. लांब, वाकडे, एक इकडे एक तिकडे. आणि शिवताना हळूच समोर बघायची, बोलणी कधी बसतात म्हणून. बोलणी बसली की तिचा जीव भांड्यात पडायचा. मी एकदा विचारलं, "मुद्दाम करतेस ना?" तर म्हणाली, "तू आपली च्या पी."

दिवाळीनंतर मोठी आई खूप थकली. मागल्या रविवारी गेलो तर तिला भिंतीला उशी लावून बसवलेलं होतं. आम्हाला पाहून ती "कोन" असंही म्हणाली नाही. आईने कापड फाडलं, तरी मान वळली नाही. आईने टोक तिच्या अंगठ्यात स्वतः अडकवलं, मी ओवलेली सुई हातात दिली. मोठी आई सुई धरून बसून राहिली. आई आपल्या बाजूने शिवत गेली, एकेक टाका बोटभर, मग दोन बोटांएवढा. पुन्हा पुन्हा वर बघत होती. बघवत नव्हतं मला. मी पडवीच्या पायरीवर जाऊन बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मोठ्या आईने ते कापड आपल्याकडे ओढलं. आईचे टाके पाहिले. आई खाली मान घालून वाट पाहत बसली. पण मोठी आई रागावली नाही. तिने एकेक टाका सावकाश उसवला आणि आईच्या काठाकडून स्वतःच शिवायला घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ओली बाळंतीण तू, जागरणानं डोळं मिटतात तुझं. मी घालते दांड. जा, पोरीला घे जवळ. भुकेजली असंल."

दोघी एकत्र होत्या तेव्हा गावच्या त्या घरात तान्ही मुलगी एकच होती, ती म्हणजे मी. आता माझी पन्नाशी उलटलीय, कानशिलं पांढरी झालीत. आईने सुई कापडाला टोचून ठेवली. "व्हय, बाय," म्हणाली. गुडघ्यांवर हात देत उठली, पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझं डोकं तिने आपल्या मांडीवर ओढून घेतलं. एरवी मी दहा प्रश्न विचारले असते. तशीच पडून राहिले, मोठ्या आईला दिसेल अशी.