यंदाचं व्हिनेगर फिकं

समोरच्या साकुराजिमा ज्वालामुखीने पहाटे पुन्हा राख उडवली होती. त्यामुळे तोमोए हिदाकाचे धुतलेले कपडे घरातच दोरीवर लटकत होते आणि त्यांच्याखालून वाकून वाकून तिचा स्वयंपाक चालला होता. शेगडीवर तारली मासळी शिजत होती. आलं, सोया सॉस, आणि काटे मऊ पडावेत म्हणून अर्धी वाटी तांदळाचं काळं व्हिनेगर. तिने रस चाखला, तोंड वाकडं केलं आणि आणखी अर्धी वाटी ओतली. कमळकाकडीच्या चकत्या पांढऱ्या राहाव्यात म्हणून व्हिनेगरच्या पाण्यात पडल्या होत्या. मिठात पिळलेली काकडी व्हिनेगरमध्ये मुरत होती. उकाड्याने भात आंबू नये म्हणून डब्यातल्या भातात दोन थेंब. थेंब म्हणजे तोमोएच्या हिशेबाने. शेवटी मासळीचा लाकडी पाटही तिने त्याच बाटलीने पुसून काढला.

"तुम्ही रिटायर झालात आणि रांजणांकडे बघणारं कुणी उरलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "यंदाचं व्हिनेगर अगदीच फिकं."

कात्सुजीने चाळीस वर्षं गावाबाहेरच्या माळावर, उन्हात मुरणाऱ्या व्हिनेगरच्या रांजणांची झाकणं उघडून वास घेतले होते. बायकोच्या या टीकेवर तो पेपरमागून "हं" म्हणाला. गेल्या हिवाळ्यात तिला मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून व्हिनेगरच्या विषयावर त्याचं एवढंच मत होतं.

तेवढ्यात दाराच्या काचेवर टकटक झाली. शेजारच्या सात्सुएआजी होत्या. वय पंच्याऐंशी, कंबर वाकलेली, जीभ मात्र सरळ.

"ही वस्तीच्या सूचनांची पाटी. वाच, शिक्का मार, पुढच्या घरी दे. आणि हा तुझा डबा."

डबा जड होता. रिकामा डबा परत करायचा हे त्या गल्लीत कुणाच्या स्वप्नातही येत नाही. आत काळ्या गुळाचे खडे होते.

"अहो आजी, कशाला! गुळाचं दुकान टाकता येईल आता मला. सगळ्या गल्लीला कुणी सांगितलंय मी गोडखाऊ आहे म्हणून?"

"असू दे गं. उपयोगी पडतो," आजी म्हणाल्या आणि उगाचच आकाशातली राख बघू लागल्या.

तोमोएने पाटीवरचा कागद वाचला. ज्येष्ठांच्या दिवसानिमित्त येत्या रविवारी सभागृहात यंदा जेवणाचे डबे बाहेरून मागवण्यात येतील. हिदाकाबाईंना दरवर्षी फार त्रास होतो, म्हणून.

तिने तो पुन्हा वाचला. बावीस वर्षं त्या जेवणाचा व्हिनेगरचा भात तिने केला होता. चाळीस माणसांचा. लाकडी परातीत वाफाळता भात पसरून ती व्हिनेगर कालवायची आणि सात्सुएआजी शेजारी बसून पंख्याने वारा घालायच्या. हात तिचा, वारा आजींचा, कौतुक निम्मं निम्मं. म्हणजे तोमोएच्या मते सत्तर-तीस.

"त्रास? मला? मी कधी म्हटलं?"

"वय होतं गं माणसाचं."

"मी सदुसष्टची! तुम्ही पंच्याऐंशीच्या, आणि दारातली राख अजून स्वतः झाडता."

"अगंबाई, मी चहा टाकून आलेय," असं म्हणून आजी निघाल्या. वाकलेल्या कंबरेने माणूस इतकं भरभर चालू शकतं हे तोमोएने प्रथमच पाहिलं.

गूळ ठेवायला तिने फडताळ उघडलं. जागा नव्हती. रताळ्याचा मुरंबा तीन बरण्या. पुरणाचे गोळे. साखरेत घोळवलेली संत्र्याची सालं. मुरंबा आला तो तिने दिलेल्या कमळकाकडीच्या बदल्यात. पुरण आलं तळून व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या माशांच्या बदल्यात. गूळ काकडीच्या. तिने मागे वळून दोरीकडे पाहिलं. नवऱ्याच्या विजारीच्या खिशातून या उन्हाळ्यात धुताना गोड गोळ्यांचे कागद निघत होते. गेटबॉल खेळणारे म्हातारे एकमेकांना देत असतील, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "माझं जेवण आंबट असतं?"

पेपर हळूच खाली आला आणि कात्सुजीने मान डोलावली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तापापासून."

"फार?"

"परवा काकडी खाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"कांद्याने आलं म्हणालात!"

"काकडीत कांदा नव्हता."

"अहो, चाळीस वर्षं रांजण हुंगलेला माणूस तुम्ही, मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस," कात्सुजी म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. कसं झालंय असं तू कधी विचारत नाहीस. कसं झालंय ते तू सांगतेस."

तोमोए दोरीवरच्या कपड्यांखाली मटकन बसली. गेल्या महिन्यात दुकानातल्या मुलीला तिने भर गर्दीत ऐकवलं होतं, की हल्ली तुम्ही व्हिनेगरमध्ये पाणी घालता. मुलगी बिचारी माफी मागत तीनदा वाकली आणि वर एक बाटली फुकट दिली. तीही आजच्या तारल्यांत संपली होती. सगळ्या गावाची जीभ ठणठणीत, रांजण ठणठणीत. बिघाड फक्त तपासनिसाच्या तोंडात, आणि तपासनिसाला पत्ता नाही. तिला हसू आलं, मग पाटीवरचा तो कागद दिसला आणि हसू अर्ध्यावर थांबलं. यंदा भात तिच्या हातून गेला, तर तो परत यायचा नाही.

"सोमवारी डॉक्टरकडे जाऊ," कात्सुजी म्हणाला.

"जाऊ. पण जेवण रविवारी आहे."

तिने दोन वाट्या तांदूळ धुतले. भात झाल्यावर कपाटातून मोजायचा पेला शोधून काढला. बावीस वर्षांत तो कधी लागला नव्हता, कारण तोमोएबाईंची जीभ होती ना! व्हिनेगर, साखर, मीठ तिने अगदी शाळकरी मुलीसारखं मोजून घातलं, कालवलं आणि एका हाताने जमेल तेवढा वारा घातला. मग वाडगा उचलून, झाकण न ठेवता, तिने आजींच्या दारावर टकटक केली. चहाचं भांडं आत कोरडं पालथं होतं.

"पाटीवर शिक्का मारला का?" आजींनी वाडग्याकडे बघत विचारलं. त्यांचा हात नकळत स्वतःच्या गुळाच्या डब्याकडे गेला.

"नाही मारला. आजी, मला चव कळत नाहीये. तापापासून. मला आत्ता कळलं, तुम्हाला सगळ्यांना केव्हाच कळलंय."

आजींचा हात डब्यावरून खाली आला.

तोमोएने वाडगा आणि जेवायच्या काड्या त्यांच्यापुढे धरल्या. "रविवारचा भात मला करू द्या. व्हिनेगर कालवून झालं, की पंखा बाजूला ठेवून तुम्ही एक घास खा, आणि आंबट असेल तर आंबट आहे असं मला तोंडावर सांगा. एवढंच."