बसून घालायचा कोट

निपाणीतले आमचे शिंपी माप घेताना सतत बोलतात. तंबाखूचा भाव, कोगनोळी नाक्यावरची गर्दी, काहीही. गिऱ्हाईक बोलण्यात गुंतलं की पोट आत ओढायचं विसरतं, म्हणून. शिवलेल्या कोटावर एक चुणी दिसली तरी त्यांचा चेहरा पडतो.

माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला आणि तो खुर्चीला खिळला. मुलीच्या लग्नासाठी त्याला सूट हवा होता. दुकानात माप द्यायला तो हट्टानं उठू लागला, तसे शिंपी त्याच्यासमोर खालीच बसले.

"उठू नका अण्णा. लग्नात बसूनच असणार न्हवं? मग माप बी बसूनच घेऊ."

त्यांनी पुढून आखूड, पाठीत सैल असा कोट बेतला. लग्नात, खुर्चीत बसलेल्या दादाच्या अंगावर तो अगदी नेटका दिसत होता. पण अक्षता पडायच्या वेळी दादा माझा खांदा धरून उठला. कोट पुढून वर चढला, पाठीवर चुण्याच चुण्या पडल्या. दादा ओशाळून पुन्हा बसायला लागला.

अक्षता तशाच मुठीत धरून शिंपी धावत आले आणि त्यांनी दादाचा दुसरा दंड धरला.

"बिघडू दे कोट, अण्णा. उभंच ऱ्हावा."