घराण्याचे दात

माझ्या मोठ्या दिरांना दोन गोष्टींचा गर्व होता: पूर्वज तंजावरच्या दरबारात होते याचा, आणि स्वतःच्या दातांचा. ते पूर्वज दरबारात नेमकं काय करत, हे त्यांना कधी सांगता आलं नाही. दात मात्र ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. साठी आली तरी एक दात किडला नाही म्हणत.

किडला नव्हता, खरं आहे. पण खालच्या दातांच्या आतून पिवळं कीटण चढलं होतं, आणि ते जवळ येऊन बोलू लागले की मी मान वळवत असे. ब्रश फिरवला की हिरड्यांतून रक्त यायचं. त्यावर या शहाण्या माणसानं उपाय शोधला: तिथं ब्रश लावायचाच नाही. "उष्णता आहे," हे निदानही त्यांचंच.

हिरडी सुजून जेवण बंद झालं तेव्हा मीच त्यांना बसस्टँडजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ही जवळच्या इन्नंबूर गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, वयानं लहान. तिनं आरसा धरून तमिळमध्ये शांतपणे समजावलं; इकडे सरांना सार म्हणतात.

"सार, दातांवर रोज थर बसतो. मऊ असतो तोवर ब्रशनं निघतो. राहिला की दगड होतो आणि हिरडीखाली उतरतो. मग हिरडी दात सोडते, आतलं हाड झिजतं. रक्त येत होतं तिथंच जास्त घासायला हवं होतं."

"आमच्या घराण्यात दात पडत नाहीत," दीर म्हणाले.

तिनं कीटण काढलं. तपकिरी खडे ट्रेमध्ये पडले. "आता थोडे दिवस दात हलल्यासारखे वाटतील," ती म्हणाली. "इतके दिवस या दगडानंच धरून ठेवले होते. पुढच्या आठवड्यात या, हिरडीखालचं काढायचंय."

दात हलले. दीर पुन्हा गेले नाहीत. उलट दारासुरमच्या एका लग्नात, भर पंगतीत, त्यांनी सांगितलं, "त्या पोरीनं माझे चांगले दात खिळखिळे केले." पंगतीनं माना डोलावल्या. एक बाई म्हणाली, आता मी तिच्याकडे जायची नाही.

मी समोरच बसले होते. दवाखान्यात तिचा शब्द न् शब्द मी ऐकला होता. तरी मी पानावरच्या रसमभाताकडे बघत राहिले. दिरांच्या मूर्खपणापेक्षा माझं ते गप्प बसणं मला आजही जास्त किळसवाणं वाटतं.

दोन वर्षांत त्यांचे खालचे चार दात गेले. त्यातला शेवटचा दात मुरुक्कू, म्हणजे इकडची कडक चकली, खाताना हातात आला. दोष अजून तिचाच आहे.

गेल्या महिन्यात माझ्या हिरडीतून रक्त आलं. मी तिच्याकडे गेले.

"सार कसे आहेत?" तिनं विचारलं.

"चार दात गेले."

तिनं आरसा उचलला. तोंड उघडा म्हणाली. लग्नातली गोष्ट तिला सांगायची असं ठरवून गेले होते. काम संपलं, चूळ भरली, पुढची तारीख घेतली आणि न सांगताच जिना उतरले.