साडूच्या हापूसची वाइन

माझ्या साडूइतका उतावळा माणूस अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात शोधून सापडायचा नाही. मायक्रोवेव्हचे शेवटचे चार सेकंद उरले की त्याला दम निघत नाही, कुकरची वाफ आपोआप जाऊ देणं त्याला कमीपणाचं वाटतं, आणि स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत त्याने हार पुढे केला होता, असं माझी मेहुणी अजून सांगते. अशा माणसाने चाळिशीत छंद लावून घेतला तो घरी वाइन आणि बिअर करण्याचा. म्हणजे एकदा सगळं भिजत घालायचं आणि मग महिनोन्महिने हाताची घडी घालून बसायचं. बरं, हा स्वतः पिणारा नव्हे. दोन घोटांत त्याला ॲसिडिटी होते. "साडूभाऊ, पिण्यात काय आहे? खरी गंमत करण्यात आहे," असं तो म्हणायचा, त्यामुळे पिण्याची जबाबदारी ओघानेच माझ्यावर आली. मॉरिसव्हिलमध्ये आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर असल्याने पळायलाही जागा नव्हती. त्याची इच्छा एकच होती आणि ती त्याने कधी लपवली नाही: आपली वाइन कुणीतरी ग्लास रिकामा होईपर्यंत प्यावी आणि आपणहून दुसरा ग्लास भरून घ्यावा. साधीच इच्छा, पण वर्षभर तिने त्याला पछाडलं होतं.

सुरुवात सप्टेंबरात मस्कडाइनने झाली. ही इकडची जाड सालीची, उग्र वासाची द्राक्षं. शेतावर जाऊन आपल्या हाताने तोडायची असतात, ती आम्ही दोन्ही कुटुंबांनी उन्हात तोडली. साडूने ती इडलीचं पीठ भिजवायच्या मोठ्या पातेल्यात कुस्करली, यीस्ट घातलं आणि पुढे सगळा रस एका काचेच्या बुधल्यात भरला. बुधल्याच्या तोंडावर पाण्याची एक छोटी नळी बसवतात. आतली हवा तिच्यातून बुडबुड करत बाहेर पडते, बाहेरची आत येत नाही. गॅरेजमध्ये गारठा लागेल म्हणून बुधला देवघराखालच्या कपाटात गेला, आणि सासऱ्यांनी दिवाळसणाला दिलेली शाल त्याच्या अंगावर आली. आता याला हात लावायचा नाही, असं पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पण साडूचा व्यवसाय पडला सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. "उघडून बघितल्याशिवाय प्रॉब्लेम कळणार कसा?" असं म्हणत तो सकाळी चहाच्या आधी एकदा, संध्याकाळी एकदा आणि मीटिंगमध्ये स्वतःला म्यूट करून चार वेळा, बूच काढून वास घ्यायचा आणि चमच्याने चव बघायचा. विरजण लागलं की नाही हे बघावं तसंच त्याचं चाललेलं. "बाबा, लीव्ह इट अलोन!" म्हणून त्याची नऊ वर्षांची मुलगी ओरडायची. डिसेंबरात त्याने मोठ्या समारंभाने आमच्यासमोर ग्लास ठेवले. पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी बायको भिडस्त, ती म्हणाली, "व्हिनेगर म्हणून फार छान झालंय." मेहुणीने पुढे हिवाळाभर त्यात कांदे मुरवले. साडूने वहीत नोंद केली, 'बॅच एक. थोडी आंबट.'

मग त्याने बिअर मनावर घेतली. बिअर बाटलीत भरताना फेस धरावा म्हणून चिमूटभर साखर घालतात. पण आधीची आंबण्याची क्रिया पुरती थांबलेली असावी लागते, आणि थांबणं हेच तर याच्या कुंडलीत नव्हतं. त्याने आठवडाभर आधीच बाटल्या भरल्या, वर साखरही सढळ हाताने घातली आणि त्या जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या. त्याच आठवड्यात शनिवारी त्याच्या घरी सत्यनारायण होता. चौथा अध्याय सुरू होता, कलावतीच्या नवऱ्याची नौका बुडत होती, आणि कपाटात पहिली बाटली फुटली. गुरुजींनी पोथीतून मान वर केली. "काही नाही गुरुजी, तुम्ही कंटिन्यू करा," साडू म्हणाला. दुसरी फुटली, तिसरी फुटली, आणि कपाटाच्या दाराखालून तपकिरी फेसाचा ओहोळ शांतपणे चौरंगाच्या दिशेने निघाला. मुलगी किंचाळली, "बाबा, युअर बिअर इज कमिंग टू द पूजा!" गुरुजी आठवड्याचे पाच दिवस आयटीतच असतात. त्यांनी पाय वर घेतले, अध्याय पुरा केला आणि प्रसाद घेताना हळूच विचारलं, "सगळ्या फुटल्या का हो?"

जुलैच्या अखेरीस त्याने हापूसच्या पल्पचे डबे आणले. आमरसाची वाइन! मी त्याची इतकी टिंगल केली की शेवटी बायकोने मला कोपर मारलं. पिवळा धमक बुधला शाल पांघरून कपाटात बसला. आणि पुढच्याच आठवड्यात साडूची नोकरी गेली.

कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला अशा वेळी साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी नाही मिळाली, तर सामान आवरायचं. ग्रीन कार्डच्या रांगेत तो अकरा वर्षं उभा होता. मायक्रोवेव्हपुढे चार सेकंद न थांबणारा हा माणूस त्या रांगेबद्दल कधी अवाक्षर बोलला नव्हता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं आणि मला माझीच लाज वाटली. ते साठ दिवस तो सकाळपासून अर्ज करत, इंटरव्ह्यू देत पाहुण्यांच्या खोलीत बसून असायचा. बुधल्याकडे तो एकदाही फिरकला नाही. सप्टेंबर संपता संपता सोफा विकला गेला, बॅगा भरल्या, आणि एके दुपारी तो बुधला गाडीत पुढच्या सीटवर बसवून, सीटबेल्ट लावून माझ्या दारात आला. "जानेवारीपर्यंत ठेवा. महिन्यातून एकदा नळीत पाणी घालायचं," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण साडूभाऊ, लक्ष मात्र रोज ठेवा हं."

जानेवारीतल्या एका शनिवारी, इकडे सकाळचे दहा आणि पुण्यात रात्रीचे साडेआठ, असं आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो. सकाळी दहाला वाइन पिण्याची माझी ही पहिलीच वेळ. रंग नितळ सोनेरी उतरला होता. साडू हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल, नव्या मॅनेजरबद्दल, मुलीला मराठीच्या तासाला कसं रडू येतं याबद्दल अखंड बोलत होता. मी चार टोमणे तयार ठेवून पहिला घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि टोमणे तसेच राहिले. ग्लास कधी रिकामा झाला ते कळलं नाही. मी हात लांब करून पुन्हा भरला.

साडू बोलायचा थांबला. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"रोज बघत होतात ना?" त्याने विचारलं.

चार महिन्यांत मी आमच्याकडच्या, बुधला ठेवलेल्या कपाटाचं दार मोजून चार वेळा उघडलं होतं, पाणी घालायला. वाइन कशाने साधली, ते मला आणि बायकोला पुरतं ठाऊक होतं.

"रोज," मी म्हणालो.

"मग! लक्ष ठेवावं लागतं हो," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही खुलला की बायको उठून आत निघून गेली.

दुसरा ग्लासही मी संपवला. खरं सांगायचं तर ती वाइन पार वाया गेली असती आणि तो अजून दोन गल्ल्या पलीकडे राहत असता, तर मला चाललं असतं.