टिटवीची चार अंडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिने एकच विचारलं असतं, मग त्या पोरीकडे गेलात का? आणि मी गेलो नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आमच्या जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, नावाजलेली जंगलं गोंदियाकडे गेली आणि आमच्या वाट्याला तलाव उरले. मी शाळामास्तर, पाखरांचा नादी. उन्हाळ्याच्या सुट्टीत लाखांदूरकडच्या एका गावात मुलांचं निसर्ग शिबिर घ्यायचो. नियम माझेच. घरट्याजवळ जायचं नाही. ज्याच्या हातून जीव जाईल त्याने सकाळच्या गोलात उभं राहून पाखराची माफी मागायची, नाहीतर घरी जायचं. काय मिरवायचो मी त्या नियमाला!

सुकेशिनी त्याच गावची, सहावीतली. शेळ्या चारता चारता तिला जेवढी पाखरं कळली होती, तेवढी मला पुस्तकं वाचून कळली नव्हती. आटलेल्या तलावाच्या भेगाळ मातीत तिने मला टिटवीची अंडी दाखवली. चार. मातीच्याच रंगाची, नजर हलली की हरवणारी. कुणाचा पाय पडू नये म्हणून तिने भोवती पळसाच्या तीन काड्या रोवल्या होत्या.

"कोनाले सांगू नोका जी सर. पिल्लं निंगू द्या."

मी मान डोलावली.

त्याच दुपारी मुलं जेवून लवंडली आणि मी कॅमेरा घेऊन एकटाच तिकडे गेलो. कशाला? फोटो हवा होता — शिबिराच्या फलकावर लावायला, खाली माझं नाव घालून. काड्या फोटोत येत होत्या, म्हणून उपटून फेकल्या. मग उजेड बरा मिळावा म्हणून फेरा मारून दुसऱ्या बाजूने आलो. टिटवी डोक्यावर ओरडत होती. अंडी शोधू लागलो — ती पायाखाली सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तलावात उतरलो. सुकेशिनी पुढे धावली, आणि एकदम खालीच बसली. मुलं जमली. "इलेच मालूम होती जागा. इनंच फोडली!"

तेव्हा बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं हो! नाही बोललो.

"म्या नाई फोडली जी सर," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटाकडे. शिवणीत पिवळं वाळलेलं होतं. तिला ते दिसलं, आणि तिला दिसलं हे मला कळलं. वाटलं, आता सांगेल. तिने सांगितलं नाही. सहावीतली पोर सरांकडे बोट कसं दाखवणार? मला माझी भीती वाटायला हवी होती. वाटली ती तिची.

गोलात उभी राहिली, पण माफी मागेना. नियम तो नियम, मी तिच्या बापाला बोलावणं धाडलं. तो मातीकामावरून तसाच आला. "काहून फोडली वं?" म्हणत सगळ्यांदेखत तिच्या तोंडात मारली आणि माझ्यापुढे हात जोडले. "नासमज हाय जी पोरगी. मापी द्या, सर."

आणि मी — ऐकताय ना? — मी माफ केलं. मोठ्या मनाने. "लहान आहे, होतं असं," म्हणालो.

ती बापामागे घरी गेली. गावाने तिला अंडेफोडी नाव ठेवलं. पुढे बऱ्याच वर्षांनी लाखांदूरच्या बाजारात कुणीतरी हाक मारली, "ये अंडेफोडी!" आणि कडेवर लेकरू घेतलेली एक बाई वळली. चिडली नाही. स्वतःच्या नावाला वळावं तशी वळली. मी मिरच्यांच्या पोत्यांआड उभा राहिलो, ती जाईपर्यंत.

लाज वाटते. पण लाजेने काही होत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळलं आहे.

शिबिर अजून चालतं. पहिल्या सकाळी मुलांना गोलात बसवून मी एक गोष्ट सांगतो. एक मुलगी होती, तिने टिटवीची अंडी फोडली आणि माफीसुद्धा मागितली नाही. त्यांना त्या मुलीचा राग येतो.

यंदाही सांगितली.