रांगोळीशिवाय सारवण

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बी.कॉम., सेकंड क्लास. हे मी आजही न विचारता सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी शारजात एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर होतो. साइटवर कोण किती वाजता आला ते लिहायचं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, माल मोजून खुणा करायला खडू. कामगार मला 'साहेब' म्हणत आणि मी आलो की बोलणं थांबवत. ऑफिसवाले मला कामगारांच्या कॅम्पातला समजत. डबा मी एकटाच उघडायचो.

त्या हिवाळ्यात कंपनीला एका कला प्रदर्शनाचं काम मिळालं. विषय माणूस आणि निसर्ग. कुणी खजुराच्या वाळक्या झावळ्या छताला टांगल्या होत्या, कुणी बाटल्यांत खाडीचं पाणी भरून ठेवलं होतं. पन्नाशीच्या एका परदेशी बाईंना हॉलमध्ये मातीची जमीन हवी होती, लोकांनी अनवाणी चालावं म्हणून. आमच्या माणसांनी ती तीनदा केली, तीनदा तडकली. केरळी फोरमन म्हणाला, "मॅडम, थोडा सिमेंट मिलाएगा, खलास." बाईंनी नुसती नकाराची मान हलवली आणि पालथ्या बादलीवर बसून राहिल्या.

काय चुकतंय ते मला दिसत होतं. वाळू जास्त, आणि शेण नाही. आई लोकांची अंगणं सारवायची, मी बादली धरायचो. वर्गात पोरं नाक दाबायची. कॉलेजात गेलो तो त्या वासापासून लांब जायलाच. दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी बोलून गेलो, शेण आणा, मी सारवतो.

वाळवंटातल्या धैद गावाकडच्या गोठ्यातून शेण आलं, भुसा आला, चाळलेली पिवळी माती आली. पँट दुमडून मी उकिडवा बसलो.

"क्या ग्रॅज्युएट साब," फोरमन दारातून ओरडला, "बी.कॉम. में ये भी पढाते हैं?"

सगळे हसले. हात मात्र थांबेनात. आईच्या हाताखाली उमटायची तशीच अर्धवर्तुळं पडत गेली.

जमीन वाळली, तडकली नाही. बाईंनी विचारलं, "कुठे शिकलात?"

"कॉलेजात," मी म्हणालो.

उद्घाटनाला गेलो, बूट पॉलिश करून. लोक यायचे होते. हॉलमध्ये ती जमीन नुसतीच पसरलेली, कोरी. आमच्याकडे सारवलं की कडेला रांगोळीच्या चार रेघा तरी ओढतात. कोरी ठेवतात ती फक्त मयत बाहेर नेल्यावर. खिशातला खडू काढला आणि उंबऱ्याशी वाकलो.

"हे मिस्टर! नो टच!" गार्ड धावत आला. त्याच्यामागून बाई. चार रेघा एव्हाना ओढून झाल्या होत्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

फोरमनही आला होता, तोही बघत होता.

"सारवण कोरं ठेवत नाहीत," मी म्हणालो. "आईनं शिकवलंय. सारवणही तिनंच. ती लोकांची अंगणं सारवते."

बाईंनी गार्डला थांबवलं. रेघा राहिल्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईंना सांगा, जमीन तडकली नाही." आणि पाहुण्यांकडे गेल्या.

शुक्रवारी आमच्या गावाकडच्या दुकानात फोन लावला. आईला बोलावून आणेपर्यंत फोनचं कार्ड निम्मं संपलं. सगळं सांगितलं, कॉलेजचं खोटंसुद्धा.

"मग मी कशाला राबले रं, तुला कालेजात घालाया?" ती हसली. "रांगुळी घातलीस न्हवं?"

"घातली."

"मग बरं. कुणाचं घर हुतं?"

"कुणाचंच नाही, आई. महिन्याभरानं उकरून टाकणार."



"मग जेवलास कुठं?" तिनं विचारलं. तिच्या हिशेबी, ज्याचं अंगण सारवावं तो त्या दिवशी भाकरी देतोच.

"जेवलो," मी म्हणालो. खोटं.